लॅमिनेशन केलेली स्कूटर

बारावी झाली आणि निमोण्याहून शिरूरला कॉलेजात जायचं कसं, हा एकच प्रश्न घरात उरला. सकाळची एसटी आली तर आली. काकांकडे तोडगा तयार होता: पोरीचं लग्न उरकून टाका. दौंडकडचं एक स्थळ तर ते खिशात घेऊनच फिरायचे.

त्या उन्हाळ्यात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मार्केटला कांदा उतरवून कोल्ड्रिंकची बाटली घेतली. लेबलच्या मागं स्कूटरचं चित्र निघालं. खाली चंदेरी पट्टी होती. ती कंपनीच्या माणसासमोरच खरवडायची, आतला नंबर जुळला की गाडी आपली. "आता तुझं कालिज कोण आडवतंय बघतो," आप्पा म्हणाले. मी अंगणात नाचले. खोटं कशाला बोलू, काकांच्या दारासमोर जरा जास्तच नाचले.

आमच्याकडे कामाचा कागद घरात आला की आधी त्याचं लॅमिनेशन होतं. सातबारा, रेशनकार्ड, माझं दहावीचं गुणपत्रक, सगळं प्लॅस्टिकमध्ये. उंदीर, घाम, पाऊस, कशाचाच भरवसा नाही. कोल्ड्रिंकच्या एजन्सीत जायच्या दिवशी आप्पा सकाळीच झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आले. लेबल करकरीत लॅमिनेट झालं होतं. त्यांचा चेहरा इतका खूश होता की मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एजन्सीत बसलेला कंपनीचा माणूस लेबल उलटंपालटं करत राहिला. "मामा, आता हे खरवडू कुठून?"

त्यानं ब्लेडनं प्लॅस्टिक सोलायला घेतलं. प्लॅस्टिकबरोबर पट्टी निघाली आणि पट्टीबरोबर नंबरही. आप्पा टेबलाची कड धरून उभे होते. मला मोठ्यानं ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर?

पुण्याला ग्राहक आयोगात केस टाकली. तारखांवर तारखा पडल्या, ॲडमिशनची मुदत कधीच टळून गेली. काकांचं स्थळ मात्र थांबून होतं. शेवटी कंपनीच्या वकिलानं बारीक अक्षरातला नियम वाचला: फाटलेलं, खाडाखोड केलेलं, मूळ स्वरूप बदललेलं लेबल बाद.

आप्पा उठले. "साहेब, म्या खराब न्हाई केलं. जपलंय त्ये."

मागं कुणीतरी हसलं. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तक्रार फेटाळली गेली. आमच्या वकिलांनी अपिलाचं नाव काढलं तर काका म्हणाले, "आपील न्हाई आन् फिपील न्हाई. आता साखरपुडा."

कंपनीनं सदिच्छा म्हणून त्याच कोल्ड्रिंकचे बॉक्स घरी पाठवले. काकांनी ते माझ्या लग्नात पाहुण्यांना वाटले. फुकटचं होतं, वाया कशाला घालवायचं! मी हिरवा चुडा भरून बसले होते आणि समोर लोक ढेकर देत होते. जीव नकोसा झाला होता.

पाठवणीच्या वेळी आप्पा सापडेनात. मीच शोधत मांडवामागं गेले. रिकाम्या बाटल्यांच्या ढिगाजवळ ते उकिडवे बसले होते आणि एकेका बाटलीचं लेबल नखानं सोडवून मागं बघत होते.

"आप्पा, ती स्कीम कवाच संपली."

"म्हायती हाय मला," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची बाटली उचलली.