मरवा घातलेला कापूस

आत्याला एका वेळी एकच काम करता येत नसे. तिला आंबट आवडायचं आणि पाखरंही आवडायची, म्हणून ती चिंचेच्या गोळ्यांना चोच आणि शेपूट काढी. "खायाच्या आदी उडवून पाहा," म्हणत आमच्या हातावर ठेवी.

तिचं सासर हिवरखेडचं. कापसाच्या हंगामात मात्र ती अमरावतीजवळच्या आमच्या घरी, म्हणजे माहेरी येई आणि बायांबरोबर सरकी काढायला बसे. सरकी काढायचे लाकडी रेचे दिवसभर नुसते कुरकुरत. तिने प्रत्येक रेच्याच्या मुठीला काहीतरी बांधलं. एकाला घुंगरू, एकाला बैलाची घंटी, एकाला फुटकी झांज. बाया तालावर मूठ फिरवू लागल्या. काम लवकर उरकू लागलं. कुणी हसलं तर ती म्हणे, "दोन आवडीच्या गोष्टी येगळ्या कावून ठेवाच्या? भेटू द्या नं त्यायले!"

ती वर्षं तेजीची होती. परमुलखातल्या लढाईमुळे कापसाचे भाव चढले होते, आणि वजन वाढावं म्हणून लोक गठड्यांत सरकी, माती, वाटेल ते कोंबत. दलाल हात खोल घालून तपासत. आमच्या गठडीतून वाळक्या काड्या निघाल्या.

"दादा, तुमीबी?" दलाल भर बाजारात म्हणाला.

वासावरून हे काम कुणाचं ते बाबांनी ओळखलं आणि ते गडबडले. "कोन्या मजूर बाईनं टाकलं असंल."

काड्या मरव्याच्या होत्या. घरी आत्याने लगेच कबूल केलं. "कापूस इतक्या दूर चालला. आपल्या मळ्याचा वास जाऊ दे म्हटलं त्याच्यासंगं."

बाबा खूप बोलले. ते तिने ऐकून घेतलं. पण बाजारात भावाने आपल्याला मजूर बाई करून टाकलं, हे गाडीवानाकडून कळताच तिने लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि सासर गाठलं.

पुढच्या हंगामात ती आली नाही. शेवटी बाबाच हिवरखेडला गेले. मीही बरोबर.

"मजुरनीले न्याले आला का, दादा?"

"बहिनीले न्याले आलो."

"हे मले कावून सांगून राहिला? बजारात सांग."

ती आली. कापूस स्वच्छ केला, त्यात काही घातलं नाही, आणि गठड्यांबरोबर स्वतःही गाडीत बसली. बाजारात दलालाने कोपरापर्यंत हात घातला, कापूस उजेडात धरला.

"कोनं साफ केला हा?"

"माह्या बहिनीनं," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मागल्या सालचा मरवाबी तिचाच होता."

आत्या पदर सावरत खाली उतरली आणि थेट दलालासमोर उभी राहिली. "चांगला वास येत होता का नाही, भाऊ?"

दलालाने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"येत होता, बाई," तो म्हणाला.