कागदावर नसलेली माणसं

देवाशीही मी घासाघीस केली आहे, हे आधीच कबूल करतो. कोथिंबिरीच्या जुडीपासून जुन्या ट्रकच्या इंजिनापर्यंत कुठल्याही वस्तूची सांगितलेली किंमत मी कधी दिली नाही. नसरापूरच्या आठवडे बाजारात जमिनीवर पोतं टाकून कांदे-बटाटे विकण्यापासून मी सुरुवात केली, आणि पुढं जे काही झालं ते माझ्या जिभेच्या जोरावर झालं, असं मला वाटायचं. तापट तर मी आहेच. रागाच्या भरात मी तोडलेली नाती मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

त्यातलंच एक नातं माझ्या साडूंचं. त्यांचं भोरला विम्याचं छोटं कार्यालय आहे. मी एक जुनी सतरा सीटांची मिनीबस घेतली आणि भोरच्या एका कारागिराकडून तिचं चालतं घर करून घेतलं. आत दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, आणि बसायला चारच सीटा. पुण्याची कुटुंबं ती भाड्यानं घेतात, भाटघरच्या पाण्याकाठी एक रात्र, वेल्ह्याला किल्ल्याच्या पायथ्याशी एक रात्र, असा मुक्काम करतात. गाडी चांगली चालू लागली. मात्र दर वर्षी विम्याचा हप्ता भरताना माझं डोकं फिरायचं. कागदोपत्री ती अजून प्रवासी बसच होती, आणि प्रवासी बसचा हप्ता डोक्यांवर मोजतात. "नसलेल्या सीटांवर बसणाऱ्या नसलेल्या माणसांचा विमा मी का भरू?" असं मी साडूंना त्यांच्या कार्यालयात चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं. ते म्हणाले, "पाव्हणं, गाडीचा वर्ग बदलून घ्या, मुक्कामाची गाडी म्हणून नोंद करा, हप्ता उतरंल." मग ही गोष्ट आधी का सांगितली नाही, कमिशनसाठी दोन वर्षं मला लुटलं, असं म्हणून मी खुर्ची मागं ढकलून निघून आलो. त्यानंतर आठ महिने आम्ही बोललो नाही. दोघी बहिणी मात्र चोरून फोनवर बोलत होत्या. ते मला कळत होतं, पण मी न कळल्यासारखं करत होतो.

विम्याची मुदत संपत आली तेव्हा मी पुण्याचा दुसरा विमा एजंट गाठला. त्यानं मला पूर्ण हिशेब समजावून सांगितला. एकाच गाडीला तीन वर्ग लागू शकतात. आहे तशी बस ठेवली तर हप्ता सगळ्यात जास्त. मुक्कामाची गाडी, पण भाड्यानं देण्यासाठी, अशी नोंद केली तर त्याहून कमी. आणि मुक्कामाची गाडी, फक्त मालकाच्या घरच्या वापरासाठी, अशी नोंद केली तर एवढा कमी, की ऐकून मी खुर्चीत पुढं सरकलो. अर्जावर एक ओळ होती: "वाहन भाड्याने दिले जाते काय?" तिच्यापुढं फक्त 'नाही' लिहायचं होतं. "कोण बघायला येतंय?" तो हसून म्हणाला. सही करून अर्ज दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. विम्याची जुनी मुदत संपायला चारच दिवस उरले होते.

मी 'नाही' लिहिलं. सही मात्र केली नाही. ते भीतीमुळं नव्हतं. मोठा व्यवहार करण्याआधी वेल्ह्याकडच्या आमच्या देवीला कौल लावायचा, ही आमच्या घरातली रीत आहे. आईच्या मूर्तीला डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या लावतात आणि मनातला सवाल विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पत्नीला बरोबर घेऊन मी ती गाडीच काढली आणि सकाळीच आईच्या ठाण्याशी पोचलो. म्हातारे गुरव मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी पाकळ्या लावल्या. मी डोळे मिटून विचारलं, "आई, ह्या अर्जावर सही केली तर माझं काही नुकसान होईल का?"

पाकळ्या पडल्या नाहीत. अर्धा तास गेला. दिव्याची वात दोनदा सारावी लागली, पण दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. मी गुरवांना म्हणालो, पुन्हा लावा, जरा कमी ओल्या लावा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आईचा बी दर पाडाया आलाय व्हय तुमी?" ते म्हणाले. "तुमी काय इचारलं ते मला ठावं न्हाई. पण कौल अडला म्हंजी सवाल अर्धा हाय. अर्ध्या सवालाला आई बोलत न्हाई." मला राग आला. नारळ वाढवला, दक्षिणा ठेवली आणि ताडताड पायऱ्या उतरून आलो. आई बोलत नसेल तर नको बोलू, माझं मी बघतो, असं मनात म्हटलं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण म्हटलं होतं.

परतीच्या वाटेवर विंझरला चहासाठी थांबलो. अर्ज माझ्या शर्टाच्या खिशात होता, आणि चहा झाल्यावर तिथंच सही करायची असं मी ठरवलं होतं. रस्त्याच्या कडेला कडुलिंबाच्या सावलीत एक म्हातारी वाकळेवर आडवी पडली होती. शेजारी एक बाई उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघत होती. ती रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडं आली. "दादा, ही गाडी भाड्यानं जाती का?"

अर्जावरचाच प्रश्न. शब्दही जवळजवळ तेच. माझा हात खिशाकडं गेला. "न्हाई जात," मी म्हणालो. एवढ्या सहज म्हणालो, की माझं मलाच नवल वाटलं.

तिनं उघड्या दारातून आत डोकावून बघितलं. "आत तर पलंग दिसतोय. मग ही गाडी हाय का घर?"

"आमालाबी अजून कळंना," माझी पत्नी म्हणाली. "मालकास्नी इचारा."

म्हातारी त्या बाईची सासू होती. गोठ्यात पाय घसरून पडली होती आणि तिला कंबरेतून हलता येत नव्हतं. भोरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. रुग्णवाहिका दुसरीकडं गेलेली, यायला बराच वेळ लागणार होता, आणि जीपमध्ये तिला आडवं टाकता येत नव्हतं. झाडाखालून म्हातारीनं हाक दिली, "अगं, इचारत काय बसलीस? न्हाई म्हणत्यात तर सोड. मी जाती चालत!" आणि स्वतःच हसली. हसताना कळ आली म्हणून थांबली.

मी माझा हिशेब केला. फुकट नेलं तर भाडं होत नाही. भाडं झालं नाही तर अर्जावरचा शब्द खरा राहतो. पुण्यही मिळेल आणि कागदही वाचेल. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात दया किती होती आणि हिशेब किती, हे मला आजही सांगता येणार नाही. चहावाल्याच्या मदतीनं आम्ही म्हातारीला वाकळेसकट उचलून आत पलंगावर ठेवलं. गादीवर हात फिरवत ती म्हणाली, "एवढी मऊ गादी माझ्या लग्नात बी न्हवती."

गाडी सुरू केली तसं सुनेनं मागून विचारलं, "दादा, रागावू नगा, पर ह्या गाडीत माणसं न्यायची परवानगी हाय ना?"

"हाय की. का बरं?"

"आता बसायच्या आदी इचारती मी. आज आत्यांच्या नादात राहिलं."

मग तिनं सांगितलं, अजिबात आवाज न चढवता. तिचा नवरा, म्हणजे या म्हातारीचा मुलगा, गावातल्या सगळ्यांसारखाच वऱ्हाडाच्या टेम्पोत बसून लग्नाला गेला. टेम्पो उलटला. तो आणि आणखी एक जण गेले. टेम्पोला विमा होता, पण तो मालवाहू गाडीचा. "कोर्टात त्येंचा वकील म्हणला, ही मालाची गाडी हाय. हिच्यात माणसं न्हवतीच. कागदावर न्हाईत." टेम्पोवाल्यानं पैसे द्यावेत असा निकाल लागला, पण त्याच्याकडं मोडलेल्या टेम्पोशिवाय काहीच नव्हतं.

पलंगावरून म्हातारी म्हणाली, "पोत्यावानी पडला माझा लेक. पर पोतं म्हणूनबी त्येला कुणी लिवला न्हाई."

कामथडीजवळ माझं घर मागं पडलं, कापूरहोळला वळलो, भाटघरचं पाणी उन्हात चमकताना दिसलं. मी गाडी हळू चालवत होतो. कागदावर माणसं आहेत आणि गाडीत नाहीत, म्हणून मी आठ महिने भांडत होतो. या दोघींच्या घरात नेमकं उलटं झालं होतं. आणि ज्या हप्त्यासाठी मी साडूंना चोर म्हणालो, त्याच्यामुळं आज निदान कागदावर तरी या म्हातारीसाठी जागा होती. खिशातला अर्ज गेला की जुन्या मुदतीनंतर तीही राहणार नव्हती. माझ्या गाडीत पुढं जी पोरंबाळं, आजीआजोबा हसतखेळत बसतील, त्यांना माझ्या एका शब्दानं मी आधीच पुसून टाकलेलं असेल. सवाल अर्धा हाय, असं गुरव म्हणाले होते. माझं नुकसान होईल का, एवढंच मी विचारलं होतं. दुसऱ्या कुणाचं होईल का, हे विचारलंच नव्हतं. तो उरलेला अर्धा सवाल लिंबाखालून उठून रस्ता ओलांडून माझ्याकडं आला होता. तो कुणी पाठवला, यावर मी वाद घालणार नाही. मला जे कळायचं होतं ते कळलं.

भोरला म्हातारीला आत नेलं, डॉक्टरांनी तपासलं. निघताना सुनेनं पदराची गाठ सोडली. मी हात जोडून नको म्हणणार, तोच ती म्हणाली, "दादा, फुकट न्हाई बसत आमी. भाडं घ्या." तिच्या तळहातावर दोन चुरगळलेल्या नोटा होत्या. त्या नाकारणं किती सोपं होतं! नाकारल्या असत्या तर मी उदार ठरलो असतो आणि माझा खोटा शब्दही खरा राहिला असता. मी दोन्ही हात पुढं केले आणि भाडं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, समोरच्यानं जे दिलं ते एक शब्द न बोलता घेतलं. मग दवाखान्याच्या फाटकाशीच अर्ज काढला आणि फाडला. पत्नी बघत होती. तिनं बहिणीला फोन लावला, या वेळी माझ्यासमोर.

साडूंच्या कार्यालयात शिरलो तेव्हा ते उठून उभे राहिले. मी परत भांडायला आलोय, असं त्यांना वाटलं असावं. मी म्हणालो, "भाड्यानं देण्याची मुक्कामाची गाडी, तशीच नोंद करायची. काय लागंल ते सांगा." त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "पाव्हणं, पयल्याच वर्षी म्हणलो होतो मी, आरटीओत तपासणी करून वर्ग बदलून घ्या म्हणून. तुमी म्हणलात, मी एक दिसबी गाडी उभी ठेवणार न्हाई." मला ते आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवलं. इतके दिवस ते कुठं दडून बसलं होतं, देव जाणे. मी म्हणालो, "चुकलं माझं." हे दोन शब्द माझ्या तोंडून इतके अवघड गेले, की साडूंनी दुसऱ्यांदा पाणी मागवलं. मग दोघंही हसलो.

गाडी काही आठवडे उभी राहिली. ऐन हंगामातली चार-पाच कुटुंबं हातची गेली. आरटीओत तपासणी झाली, सीटा मोजल्या, पलंग मोजले, आणि नोंदपुस्तकावर नवा वर्ग चढला. नवा हप्ता बसपेक्षा कमी आहे आणि त्या खोट्यापेक्षा बराच जास्त. भरताना मी किंमत पाडली नाही. शरण जाणं म्हणजे हार मानणं, असं मी समजत आलो होतो. आता वाटतं, आपण जे करतो ते आहे तसं सांगावं आणि पुढचं देवीवर सोपवावं, शरण जाणं एवढंच असावं. यात मला जो निवांतपणा मिळाला, तो कुठल्याच फायद्याच्या सौद्यात मिळाला नव्हता. राग अजून येतो. पण आला की आता मी आधी गप्प बसतो.

हल्ली गाडी निघण्याआधी मी दारात उभा राहतो आणि आत बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारून वहीत लिहितो, तान्ह्या बाळाचंसुद्धा. लोक हसतात, काका किती चौकशी करतात म्हणतात. हसू देत. त्या दोघींचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं. पुढं दोनदा विंझरला थांबून चौकशी केली, पण त्या आतल्या कुठल्या वाडीवरच्या, हे चहावाल्यालाही सांगता आलं नाही. त्यांच्यासाठी वहीची पहिली ओळ मी कोरी ठेवली आहे. रोज सकाळी वही उघडली की आधी त्या ओळीवर हात ठेवतो, आणि मगच खाली लिहायला घेतो.