दारात नेऊन बघायचा धागा

तुझी आत्याआजी, म्हणजे तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, ऊन असेपर्यंत पायरीवर बसते आणि ऊन सरलं की सुई खाली ठेवते. घरात एवढा लख्ख दिवा असताना ती अशी का करते, असं विचारलंस ना? सांगते. पण मी बोलेन तसंच लिही, मधेमधे सुधारत बसू नकोस.

ती रफूवाली. बाजाराच्या गल्लीत एक लाँड्री होती, तिथे कामाला. पुढे काउंटर, मधे इस्त्रीचं टेबल आणि पार मागे कोपऱ्यात हिचं स्टूल. लग्न केलं नाही तिने. तुझे आजोबा चिडवायचे, की हिचं लग्न सुईशी लागलंय, आणि नवरा तोंडातून शब्द काढत नाही म्हणून सुखात आहे. तिच्या डोक्यावर एक पिवळा बल्ब लोंबायचा, इतका खाली, की विसरून मान वर केली की कपाळाला चटका. तिच्या डाव्या भुवईवर तो तपकिरी डाग आहे ना, तो जन्माचा नाही. बल्बाचा आहे.

आता रफू म्हणजे ठिगळ नव्हे हं. कापड जसं विणलेलं असतं तसंच सुईने पुन्हा विणायचं. एक धागा उभा, एक आडवा, वर-खाली, वर-खाली, भोक मिटेपर्यंत. धागा जमेल तर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ओढून काढतात. पण कोट जुना असला की आतला धागा राहतो गडद आणि बाहेरचं कापड उन्हाने विटलेलं. मग जुळणारा धागा दुसरीकडून शोधावा लागतो. तिच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात लड्याच लड्या. नुसत्या राखाडी लड्या बघून माझं डोकं फिरायचं. मला सगळ्या एकच दिसायच्या, आणि ही म्हणायची, "वहिनी, ही पावसाळी आहे, ही राखेची आहे, ही उंदराची आहे."

आणि तिची एक सवय होती. बल्बाखाली धागा निवडला की उठायची. टेबलाला वळसा घालून, इस्त्रीच्या वायरखालून वाकून, थेट दुकानाच्या दारात. तिथे उजेडात कापडावर धागा आडवा ठेवून बघायची. नाही जुळला की परत आत, दुसरा धागा, परत दारात. पिवळ्या उजेडावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. लाँड्रीवाला म्हणायचा, "बाई, तुम्हाला पैसे रफूचे द्यायचे की चालण्याचे?" ही म्हणायची, "चालण्याचे द्या. रफू फुकट करते."

पुढे तिचे गुडघे गेले. जायचेच, आयुष्यभर स्टुलावर अवघडून बसलेली बाई. उठताना टेबलाचा काठ धरायची आणि तोंड वाकडं करायची. तरी फेऱ्या चालूच.

त्याच सुमारास ते एलईडी दिवे आले. आपल्याकडे आधी लाँड्रीवाल्यानेच घेतले. घेताना महाग पडले म्हणून आठवडाभर कुरकुरत होता, मग विजेचं बिल कमी आलं तेव्हा ते घेऊन आख्ख्या गल्लीला दाखवत फिरला, पोरगं पहिलं आल्यासारखा. खोटं कशाला बोलू, चांगलेच होते ते दिवे. उन्हाळ्यात इस्त्रीची धग आणि वर बल्बांची, दुकान म्हणजे भट्टी व्हायचं, ते थांबलं. हिच्या घामाचे थेंब लोकांच्या कपड्यांवर पडायचे, ते थांबले. ऐन कामात बल्ब उडणं बंद. कपाळाचा चटका बंद. आणि धाग्याची तूस न् तूस दिसायला लागली म्हणाली.

मग आपल्या घरातही लावले. डाळीतले खडे मला लांबून दिसायला लागले. तुझ्या आजोबांनी पहिल्या संध्याकाळी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "अगं, तू म्हातारी कधी झालीस?" मी म्हटलं, "आधी आरशात बघून या, मग बोलू." आत्याआजी हसली, पण म्हणाली, या उजेडात सगळ्यांची तोंडं आजारी माणसासारखी दिसतात. तेवढं ती बोलली होती. आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. तिनेही नाही.

दुकानातल्या दिव्याच्या खोक्यावर सूर्याचं चित्र होतं. लाँड्रीवाल्याने तिला वाचून दाखवलं होतं, की हा दिवसासारखा उजेड आहे. म्हणाला, "बाई, आता दारच तुमच्या डोक्यावर टांगलंय. कशाला उठता?" वाईट हेतूने नाही म्हणाला तो. तिचे गुडघे त्याला रोज दिसत होते. पहिले काही दिवस ती उठलीच. मग एखाद्या वेळी नाही उठली, मग नाहीच. मला घरी येऊन म्हणाली, "वहिनी, आज दिवसभर बसून काम केलं. पाय ठणकला नाही." किती बरं वाटलं होतं मला ते ऐकून.

तशी चूक लगेच कळली नाही. काळं, पांढरं, निळं जुळत होतं. थोडंफार इकडचं तिकडे झालं असेल, तर शर्टाच्या बगलेत कोण बघतंय.

मग एक मुलगी वडिलांचा कोट घेऊन आली. वडील गेले होते. तांबूस रंगाचा लोकरीचा कोट, आणि बरोब्बर छातीवर कसरीने खाल्लेलं भोक. तिच्या भावाला तो घालून स्वतःच्या लग्नाला उभं राहायचं होतं. म्हणाली, नवा घेता येईल, पण त्याला हाच हवाय. आत्याआजीने तो कोट कितीतरी दिवस पुरवला. घरी जेवताना त्याच्याचबद्दल बोलायची, लोकर कशी मऊ आहे, वीण कशी तिरकी आहे. झाल्यावर लाँड्रीवाल्याने बोटाने चाचपलं, भोक कुठे होतं ते त्याला सापडेना.

मुलगी आली, बघितलं, खूश झाली, दोनदा आभार मानले. कोट हातावर टाकला आणि दाराबाहेर गेली. आणि पायरीवरच थांबली.

परत आत आली ती ओरडत नाही आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त म्हटलं, "मावशी, जरा बाहेर येता?"

उन्हात कोट तांबूस होता आणि छातीवर रुपयाएवढा ठिपका, शेवाळल्यासारखा हिरवट. हे मला लाँड्रीवाल्याने सांगितलं. हिने कोट परत आत नेला आणि रफू उसवायला बसली. आता रफू काही टाक्यासारखी उसवत नाही. ती कापडात मिसळलेली असते, ओढलं की आजूबाजूचा धागाही येतो, आणि लोकर तर जुनी, कुजत आलेली. भोक तळहाताएवढं झालं. मुलीने घडी घालून कोट पिशवीत ठेवला, आणि जाताना हिलाच म्हणाली, "असू दे मावशी. तुमचं वय झालंय."

तेवढंच म्हणाली ती, आणि ते हिच्या काळजात रुतलं. कारण आमच्या सासूबाई, म्हणजे हिची आई, शेवटी शेवटी आंधळ्या झाल्या होत्या. भर दुपारी विचारायच्या, दिवा लावला का गं? सगळं करायला हीच होती. आपल्यालाही तसंच होणार ही भीती तिच्या मनात कायम, आणि डोळे गेले तर तिच्याकडे राहणार काय? ना नवरा, ना मूल. डोळे आणि दोन बोटं.

ती घरी आली, लड्यांचा डबा माझ्या कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "डोळे गेले, वहिनी." दुसऱ्या दिवशी कामाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. तुझे आजोबा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तो म्हणाला, चष्मा थोडा बदला, बाकी वयाच्या मानाने डोळे चांगले आहेत. हिला वाटलं, दादाने त्याला तसं सांगायला लावलंय. खोलीत बसून असायची. दिवा लावला तर म्हणायची, मला कशाला.

आता मला कसं कळलं ते ऐक. तिची स्टुलावरची उशी आणि चष्म्याचं घर दुकानातच राहिलं होतं, ते आणायला गेले. माझ्या अंगावर मरून रंगाची शाल होती, तुझ्या आईने दिलेली. लाँड्रीवाल्याशी बोलत तिच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि सहज खाली बघितलं, तर शाल मातकट तपकिरी. मला वाटलं डाग पडला. बाहेर आले तर मरून. परत आत गेले, तपकिरी. लाँड्रीवाला म्हणाला, काय आत-बाहेर करताय? आणि मग त्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली. त्याला अशी आत-बाहेर करणारी दुसरी बाई आठवली असणार.

मी जवळजवळ पळत घरी आले. डबा काढला. दोन लड्या घेतल्या, एक तांबूस, एक हिरवट तपकिरी, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली तिच्यापुढे धरल्या. म्हटलं, "वन्सं, सांगा." म्हणाली, "दोन्ही एकच." तिचा हात धरून तिला पायरीवर आणलं. "आता सांगा."

तिने दोन्ही लड्या घेतल्या आणि दोन हातांत वेगवेगळ्या धरल्या. मला वाटलं आता रडेल, आनंदाने. मी तर रडायच्या बेतात होते. म्हटलं, "तुमचे डोळे धड आहेत हो. दिवा खोटा आहे."

ती म्हणाली, "दिवा खोटा, ते मला बल्बाच्या वेळीही माहीत होतं. म्हणून तर उठत होते." मग लड्या गुंडाळल्या. "डोळे गेले असते तर माझ्या हातात काय होतं? मी नुसती उठले नाही, वहिनी. दार तिथेच होतं."

मी म्हटलं गुडघे, मी म्हटलं लाँड्रीवाला. ती ऐकत होती, पण ऐकत नव्हती.

लाँड्रीवाला दोनदा घरी आला. म्हणाला, तुमच्या कोपऱ्यात पुन्हा पिवळा बल्ब लावतो, बिलाचं मी बघतो. चांगला माणूस. ती गेलीही. पण धागा दारात नेऊन बघितला तरी तिचं समाधान होईना. आत यायची, सुईत ओवायची, आणि पुन्हा उठायची. त्याच धाग्यासाठी चार-चार वेळा. हात थांबायला लागला. रफूत हात थांबला की वीण गोळा होते. शेवटी तिने स्वतःच सांगितलं, आता नको. त्या कोपऱ्यात आता एक जण चेन बदलून देतो. त्याला रंगाशी काही देणंघेणं नाही. डोक्यावर परत तोच एलईडी दिवा आहे, अजून एकदाही गेलेला नाही.

म्हणून ती पायरीवर बसते. घरचंच काहीबाही करते. ऊन सरकलं की ती सरकते, थंडीत तर दुपार संपली की काम संपलं. मी म्हणते, "थांबा, दिवा लावते." ती म्हणते, "लाव की. स्वयंपाक करायचाय ना तुला." आणि सुई बाहीत टोचून ठेवते.

तू आत्ता घातलायस ना हा स्वेटर, त्याचं कोपर तिनेच भरलंय. उजवं की डावं, बघ सापडतं का. मी उन्हात बघितलं, दिव्याखाली बघितलं, बोट फिरवून बघितलं, मला सापडलं नाही. काल तू शाळेतून आलीस तेव्हा ती पायरीवर होती. तुझी बाही धरून तिने कोपराकडे थोडा वेळ बघितलं आणि सोडून दिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "दिसतंय."