विचारलं तर सांगेन

वैशालीनं सांगितलं तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. वैशाली माझी मुलगी. भिंतीपलीकडून आली, फाटकातच थांबली आणि म्हणाली, "आई, मोठी आई गेली." हातातली शेंग मी सोलली, दाणे ताटात टाकले आणि दुसरी शेंग उचलली. "आई, आता तरी ऊठ गं," ती म्हणाली. मी उठले नाही. पाटीतल्या शेंगा संपेपर्यंत उठले नाही... मग हात धुतले, बरी साडी नेसले आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं. अक्का पलंगावर पडली होती. पांढरी साडी, केस विंचरलेले, मनगटावर ते जुनं घड्याळ. घड्याळ चालू होतं. मला त्या घड्याळाचासुद्धा राग आला.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. थोरल्या काकूला मोठी आई म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे, म्हणून वैशालीची ती मोठी आई. आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत तिच्याबद्दल जो तो गोड बोलून गेला. बुऱ्हाणपूरला तिच्या चर्चमध्ये फादर बोलले, आमच्या बहादरपूरच्या सरपंचबाई बोलल्या, तिनं ज्यांची बाळंतपणं केली त्या बाया तर रडून रडून बोलल्या. बोला बाई. मला गोड लिहायचं नाही. अकरा वर्षं मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि आता मेली म्हणून तिच्या आरत्या ओवाळायला लागले तर ती लबाडी होईल. लबाडी तिला चालत नव्हती. आमचा सगळा तंटाच त्यावरून होता.

माझे थोरले दीर पेपर मिलमध्ये नोकरीला होते. तिथल्या दवाखान्यात ही नर्स. ख्रिश्चन, जळगावकडची, वडील कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. दिरांनी तिच्याशी लग्न केलं तेव्हा सासऱ्यांनी दोन वर्षं दार उघडलं नाही. पुढे सासरे आजारी पडले, अंगावर जखमा झाल्या, आणि त्या जखमा धुवायला हीच आली. मग दारही उघडलं आणि अर्धं घरही मिळालं. मी या घरात नवरी म्हणून आले तेव्हा ती आधीच इथली होऊन बसली होती. केळीचे घड उतरवायच्या दिवसांत मजुरांच्या भाकऱ्या आम्ही दोघी मिळून थापायचो. दिवाळीला माझ्याबरोबर करंज्या करायची, नाताळला पुन्हा करायची, आणि दोन्ही वेळा गावभर वाटायची. देवघरात तिनं कधी हात घातला नाही आणि मला कधी तिच्या चर्चला चल म्हणाली नाही. तिच्या भिंतीवर कॅलेंडरच्या वर एक लहानसा क्रूस होता, बस्स. रविवारी रिक्षानं बुऱ्हाणपूरला जायची, येताना आमच्या पोरांसाठी दराब्याची मिठाई आणायची. इतकाच तिचा धर्म बाहेरून दिसायचा.

पण एक गोष्ट होती. अक्का शपथ घ्यायची नाही. आमची पोरं तिला छळायची, "मोठी आई, म्हण ना, देवाशप्पथ!" ती म्हणायची, "आमच्यात नाही घेत." काबरं म्हणून विचारलं तर म्हणायची, "शपथेवर खरं बोलायचं, मग एरवी काय बोलायचं रे?" पोरं हसायची, मीही हसायचे. तेव्हा मला वाटलं होतं, असेल यांच्यात काही, जसं आमच्यात गणेश चतुर्थीला चंद्र बघत नाहीत. ते प्रकरण माझ्या घरात येऊन बसेल, असं मला काय माहीत!

गावाला मात्र तिची ही सवय फार सोयीची झाली. सोयरीक ठरवायची म्हटलं की आमच्याकडे बायकांनी गुपचूप चौकशी करायची असते. पुरुष पाटावर बसून बोलतात, आणि मुलाकडची एखादी मावशी, आत्या पाणी प्यायच्या निमित्तानं शेजारी जाते. शेजारीण अर्थात चार गोड शब्द सांगते, कारण उद्या तिच्याही पोरीची वेळ असते. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून हळूहळू लोक म्हणायला लागले, बहादरपूरला सोयरीक करायची असेल तर त्या नर्सबाईच्या ओट्यावर जा. ती दुपारी चार वाजता ओट्यावर बसायची, पाय खाली सोडून, मांडीवर काहीतरी शिवण. इच्छापूरहून, खकनारहून बाया यायच्या. मुलगा पितो का? पितो. मुलगी दहावी झाली का? नाही, नापास आहे. पण आपणहून एक शब्द नाही. जेवढं विचारलं तेवढंच. कितीतरी सोयरिकी तिनं मोडल्या असतील आणि तरी एकही बाई तिच्याशी भांडायला आली नाही. मी सोडून.

वैशाली बारा वर्षांची असताना तिला पहिल्यांदा फिट आली. मळ्यात, केळीच्या घडांच्या ढिगाशेजारी. कुणी कांदा हुंगवायला धावलं, कुणी चप्पल, मी नुसती किंचाळत होते. अक्कानं सगळ्यांना हाकललं, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपल्या पदराची घडी ठेवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली. "नलू, गप. दोन मिनिटं झाली. आता थांबेल." थांबली. मग डॉक्टर, इंदूरच्या तपासण्या, रोजच्या गोळ्या... सगळं तिनंच केलं. गोळ्यांचा डबाही तिच्याकडेच असायचा, कारण माझ्या घरी पाहुण्यांना दिसला असता. हे मी नाकारत नाही. तिनं माझी पोर वाचवली. पण वाचवलेल्या पोरीचं लग्न मोडायचा हक्क तिला कुणी दिला होता?

वैशाली बावीस वर्षांची झाली आणि रावेरकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, शेती, घरात माणसं थोडी. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. आदल्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण घातला, शिरा केला, आणि तोच शिरा घेऊन मी अक्काकडे गेले. म्हटलं, "अक्का, उद्या कुणी काही विचारलं तर तुम्हाला माहीत नाही म्हणायचं." शिऱ्याची वाटी तिनं खाली ठेवली. "विचारलं नाही तर मी कशाला सांगू? पण विचारलं तर सांगेन, नलू. खोटं नाही बोलता येणार मला." मी हात जोडले, रडले, पोरीची आण घातली. तिचेही डोळे भरले होते. शेवटी म्हणाली, "असं करते. मी उद्या सकाळीच बुऱ्हाणपूरला जाते, लालबागला मैत्रीण आहे, तिच्याकडे थांबते. संध्याकाळी येईन. मी इथं नसलेच तर कोण विचारणार?"

आता जे लिहिते आहे ते मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. मीच तिला जाऊ दिलं नाही. घरात पहिलं कार्य आणि थोरली जाऊ गायब? लोक म्हणाले असते, ख्रिश्चन म्हणून हिला बाजूला बसवली, नाहीतर दोघींचं वाजलंय. पाहुण्यांना वाटलं असतं, घर फुटलेलं आहे. मी म्हटलं, "नाही अक्का, तुम्ही थांबायचंच. ती हिरवी पैठणी नेसा, पुढे बसा. कुणी काही विचारत नाही." "नक्की?" ती म्हणाली. "नक्की," मी म्हटलं. माझ्या मिजाशीनं मी तिला त्या ओट्यावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी मुलाची आत्या पाणी प्यायला तिच्या ओट्यावर गेली आणि विचारलं, "पोरीला काही आजारपण?" पंधरा मिनिटांनी पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. मी भरल्या अंगणात अक्काला नाही नाही ते बोलले. "एक शब्द खोटा बोलला असतात तर तुमच्या येशूचं काय बिघडलं असतं?" असं ओरडले. "तुमचं पुण्य तुम्हाला, आणि माझी पोर जन्मभर घरात!" ती पैठणी नेसून उभी होती, मान खाली. एकदा म्हणू शकली असती, नलू, मी जाते म्हणाले होते, तूच थांबवलंस. सगळ्या गावासमोर म्हणू शकली असती. नाही म्हणाली. कुणी तिला विचारलंच नाही ना! मला त्याचाच सगळ्यात जास्त राग होता. भांडली असती तर मीही केव्हातरी गप्प झाले असते. ती भांडली नाही, आणि मग माझं भांडण संपेचना.

भिंतीतलं फाटक वैशालीसाठी उघडं राहिलं. गोळ्या तिकडे होत्या. गोळीच्या निमित्तानं पोरगी तिकडे जाऊ लागली, मग जेवायला, मग अभ्यासाला. शिक्षिका झाली, इथल्याच शाळेत शिकवते. सोयरीक पुन्हा आली नाही असं नाही, पण ठरली नाही. दीर आधीच गेलेले, मूलबाळ नाही; अक्का शेवटचे चार महिने अंथरुणावर होती तेव्हा तिचं सगळं वैशालीनंच केलं, आणि मी भिंतीच्या अलीकडे बसून भांडी आपटत राहिले. तिनं माझ्या पोरीचं लग्न मोडलं आणि मग पोरगीही नेली, असंच मी मनाला सांगत होते. बुऱ्हाणपूरच्या कबरस्तानात सगळे मूठमूठ माती टाकत होते. माझ्या हातात ढेकूळ आलं. मी ते फोडलं नाही, तसंच टाकलं. आवाज झाला आणि मला बरं वाटलं.

हे सगळं इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. मागच्या मंगळवारी चारच्या सुमारास मी अक्काचा ओटा झाडत होते. कबुतरांनी घाण केली होती. झाडून झालं आणि जरा टेकले. एवढ्यात एक म्हातारी आली, डोईफोडिया गावची, बसमधून उतरून विचारत विचारत आली होती. धापा टाकत शेजारी बसली. "बाई, मले पाणी दे आधी." मी दिलं. मग म्हणाली, "तूच ना ती नर्सबाई? खरं सांगणारी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

काबरं निघालं, देव जाणे. म्हातारी म्हणाली, तिचा नातू शाळेत मास्तर आहे, बायको बाळंतपणात गेली, मूल नाही. त्यानं एका शिबिरात वैशाली नावाची मास्तरीण बघितली आहे. "पोरगी कशी हाय? काही आजारपण? तू सांगशील ते मी मानीन, बाई. दुसऱ्या कोणाले मी विचारत नाही." अहो, किती सोपं होतं! म्हातारी मला अक्काच समजत होती. नाही म्हटलं असतं तर आख्खा तालुका धरून बसला असता, नर्सबाई म्हणाली. अकरा वर्षांचा सगळा हिशेब एका शब्दात चुकता झाला असता. मी तोंड उघडलं... आणि त्या ओट्यावर बसून मला ते बोलताच येईना. "फिट येते," मी म्हटलं. "बारा वर्षांची असल्यापासून. दोन-तीन वर्षांतून एकदा. गोळी रोज घेते, कधी चुकवत नाही. आणि आजी, मी नर्सबाई नाही. त्या गेल्या. मी पोरीची आई आहे."

म्हातारीनं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाली, "फिट आली तं काय करायचं असते?" मी सांगितलं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, घड्याळ बघायचं. तिनं मान हलवली, काठी उचलली आणि पाचच्या बसला गेली. निरोप अजून आलेला नाही. ती गेल्यावर मी त्या ओट्यावर बसून अक्काला पोटभर शिव्या दिल्या. मेली ती मेली, आणि जाताना हे माझ्या जिभेला चिकटवून गेली!

वैशाली शाळेतून आली, मला तिथं बघून थबकली. मी सगळं सांगितलं. म्हातारीचं सांगितलं, आणि सांगता सांगता मागचंही सांगून टाकलं. अक्का त्या दिवशी बुऱ्हाणपूरला जाणार होती, मीच पैठणी नेसवून तिला थांबवलं. आता पोरगी उठून जाईल, माझ्याशी जन्मभर बोलणार नाही, या भीतीनंच तर मी अकरा वर्षं तोंड शिवून बसले होते.

वैशालीनं पर्स खाली ठेवली. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याच वर्षी मोठ्या आईला विचारलं होतं मी. तिनं सांगितलं."

"अगं, मग इतकी वर्षं तू मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस, आई?" ती म्हणाली, आणि मला थोडं सरकायला सांगून शेजारी बसली. तिच्या मनगटावर अक्काचं घड्याळ होतं. मी किती वाजले ते विचारलं, आणि तिनं सांगितलं.