मिसळीतली पांढरी चिमूट

सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बिल्डिंगीत माझ्या मिसळीवर बंदी आली. माझ्या मिसळीवर! जिच्या वासानं पार शारजातले लोक खिडक्या उघडतात!

कारण काय, तर मी कटात एमएसजीची, म्हणजे चायनीजमध्ये घालतात त्या पांढऱ्या पावडरीची, चिमूट टाकते, हे फुटलं. शेजारचे भावजी व्हॉट्सॲपवर वाचून डॉक्टर झालेले. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "वहिनी विष घालतात." ठरलं की बिल्डिंगीतल्या सगळ्यांच्या महिन्याच्या एकत्र जेवणाला मिसळ दुसरं कुणीतरी करेल, मी पेपर नॅपकिन आणायचे. नॅपकिन! मुलगा म्हणाला, "आई, जस्ट लेट इट गो." कशाला लेट गो?

जेवणाच्या दिवशी मी मिसळीचं पातेलं घेऊनच बिल्डिंगीच्या हॉलमध्ये गेले. एवढं मोठं, की वॉचमननं विचारलं, "मॅडम, शिफ्टिंग है क्या?"

भावजींनी दोन वाट्या ओरपल्या आणि मग कपाळ धरलं. "बघा! घातलीच पावडर. डोकं ठणकतंय."

"आज कणभरही नाही घातली, भावजी. लालभडक टोमॅटो तेवढे आटवलेत."

"मग ही चव कुठून आली?"

माझी एमएससीची केमिस्ट्री वीस वर्षं याच प्रश्नाची वाट बघत बसली होती. "ग्लुटामेट ते, अमिनो आम्ल. प्रथिनाच्या साखळीत अडकलेलं असतं तोवर जिभेला त्याचा पत्ता नसतो. सुटं झालं की चव लागते, आणि टोमॅटो पिकतो तसं ते सुटं वाढत जातं. पावडरीत त्याच्या जोडीला सोडियम असतं, पाण्यात पडलं की दोन्ही वेगळी. मग टोमॅटोतलं कुठलं नि पुडीतलं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही ओळखता यायचं नाही. आतड्याच्या पेशी त्यावर चालतात. तुमचा मेंदू ते स्वतः बनवतो आणि निरोप धाडायला वापरतो. आईच्या दुधातही असतंच की! तेव्हा ठणकलं होतं का डोकं?"

"ते काही असो. पावडर नको म्हणजे नको. खलास!"

मी पर्समधून पुडी काढली, दातांनी फोडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिमूटभर पातेल्यात टाकली. ढवळलं. "ज्यांना नको त्यांनी खाऊ नये. मिसळ माझी आहे आणि ती अशीच होणार."

मग भावजींची बायको उठली, नवऱ्यासमोरून वाटी घेऊन आली.

"वहिनी, मला कट जास्त हं."

काठोकाठ वाढला.