पुसलेल्या फरशीवरचे पाय

आम्ही पत्रक काढलं होतं. त्यात लिहिलं होतं: नव्या इमारतीत लिफ्टचं भोक उघडं, कठडा नाही, पाटी नाही, दिवा नाही, सफाई करणाऱ्या बायांचा जीव काय फुकटचा आहे? मजकूर माझाच. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि आजही मी तो मागे घेत नाही. पण एक वाक्य त्यात नव्हतं. मी ते मुद्दाम गाळलं होतं. ते इथं लिहिते.

लिफ्टच्या भोकावरची फळी मी काढली होती.

बुलढाण्यात तीन मजली कॉम्प्लेक्स नवीन बांधून झालं होतं. मिस्त्री गेला, रंगारी आवरत आला, म्हणजे इमारत तयार झाली असं लोकांना वाटतं. खोटं आहे. तेव्हा ती आतून भुतासारखी पांढरी असते. फरशीवर सिमेंटचे थेंब दगड होऊन बसलेले, काचांवर स्टिकर, संडासच्या भांड्यात पुट्टी धुतलेलं पाणी. ते सगळं खरवडून, तेजाबाच्या पाण्यानं घासून काढतात माझ्या मायसारख्या बाया. मग फीत कापायला पाहुणे येतात आणि चकचकीत फरशीचं कौतुक ठेकेदाराला मिळतं. कॉलेज संपल्यावर मी विहारातल्या अभ्यासवर्गात पत्रकं लिहायला शिकले, मोर्च्यात घोषणा द्यायला शिकले. ज्या दिवशी मोर्चा नसे त्या दिवशी मायसोबत सफाईला जायची.

मायची पुसायची एक रीत होती. उकिडवं बसायचं, समोर फडकं फिरवायचं आणि मागं मागं सरकत जायचं. पुढं सगळं ओलं नि स्वच्छ, मागं सगळं कोरडं नि धुळीचं. मागं वळून ती कधी बघत नसे. आणि पुसलेल्या फरशीवर कोणी पाय दिलेला तिला खपत नसे. मी फळी काढली त्याच दिवशी सकाळी इमारतीचे मालक बूट घालून वर आले, तर माय बसल्या जागेवरून म्हणाली, “शेटजी, उडता येत असन तं या, नाई तं खालीच थांबा.” शेटजी हसले आणि खरंच खाली गेले.

दुसऱ्या मजल्यावर एक लांब बोळ होता. एका टोकाला रस्त्याकडच्या काचा, दुसऱ्या टोकाला जिना, आणि जिन्याला लागून लिफ्टची जागा. लिफ्ट बसायची होती. दाराएवढं भोक होतं, आणि त्याच्यावर एक फळी उभी करून तारेनं बांधलेली. नुसती तारेनं. मी आधी त्यावरच चिडले. मग फळीकडे नीट पाहिलं. प्लाय चांगला होता, एका बाजूनं कोरा. दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतल्या नळासाठी तहसीलसमोर बसायचं होतं आणि आमच्याकडे फलकाला पुठ्ठासुद्धा नव्हता.

माय तेव्हा बोळाच्या रस्त्याकडच्या टोकाला, पुढच्या दुकानात पुसत होती. मी पाणी आणायला निघाले होते. तार सोडली. फळी बाजूला झाली तशी थंड हवा तोंडावर आली. वाकून पाहिलं. खाली अंधार, आणि अंधारात वर आलेल्या लोखंडी सळया. मी पाहिलं. पाहूनच फळी काढली. रंगाचा एक भरलेला डबा भोकासमोर ठेवला आणि मनात म्हटलं, डबा बघून कोणीही थांबेल. फळी खाली नेऊन गेटजवळ आमच्या पिशव्यांमागं लावली. कोळशाचा तुकडा सापडला, तेव्हा तिथंच दोन शब्दही लिहून टाकले: नळ द्या. मग पाण्याची बादली घेऊन वर आले आणि पुढच्या दुकानातल्या काचांना लागले. माय म्हणाली, “मी आता बोळ पुसत जातो. मी हाक देईस्तोवर बाहीर येऊ नोको.” हो म्हटलं आणि स्टिकर खरवडत बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. पत्ती बोथट झाली म्हणून दुसरी मागायला दुकानाच्या दाराशी आले आणि बोळाकडे पाहिलं.

माय दुसऱ्या टोकाला पोचली होती. पाठ लिफ्टकडे. फडकं डावीकडे, उजवीकडे, आणि एक सरक मागं. तिच्या मागं डबा नव्हता.

रंगारी पायाखाली घ्यायला तो घेऊन गेला होता, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की डबा नाही, आणि मायच्या पाठीमागं काळा चौकोन आहे. मधल्या फरश्या मी मोजल्या. तीन.

माझा आवाज मोठा आहे. तहसीलच्या आवारातून दिलेली घोषणा बसस्टँडवर ऐकू जाते असं आमच्यातले म्हणतात. मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण सकाळपासून दोनदा मी मायला हाक मारली होती. रिकामी इमारत घुमते, शब्दाचा नुसता गोंगाट होतो. त्यात तेजाबाच्या वासामुळं तिनं नाकाकानावरून रुमाल आवळलेला. दोन्ही वेळा काय झालं होतं? ती कमरेवर हात ठेवून उठली, दोन पावलं मागं गेली, कानावरचा रुमाल सारला आणि म्हणाली, “काय म्हंतं वं?”

दोन पावलं मागं. रोजची सवय.

हाक मारली तर ती उठणार. नाही मारली तर सरकणार. पळावं तर फरशी ओली, तेजाबाच्या पाण्यानं साबणासारखी. मी पडले तर आवाज होणार आणि ती दचकून उठणार. माझे पाय लाकडाचे झाले. एवढ्या सभांमधून ‘भीती सोडा’ म्हणून ओरडले होते, तेव्हा भीती म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं.

फडकं डावीकडे, उजवीकडे. एक सरक. अडीच फरश्या.

खाली पाहिलं. माझे पाय पुट्टीच्या धुळीनं पांढरे झालेले. आणि समोर तिनं तासभर कंबर मोडून पुसलेली ओली फरशी.

मी दुकानातल्या पुट्टीच्या ढिगाऱ्यात दोन्ही पाय घोळले आणि फरशीवर ठेवले. हळू. पाय उचलायचा, दाबून ठेवायचा. पांढरा चिखल उमटायला लागला. ती फडक्याकडे बघत होती. मी आणखी पुढं गेले, पाय घासत, मुद्दाम घाण करत. दोन फरश्या. बघ ना गं माय, वर बघ.

तिनं वर पाहिलं.

“आंधी झाली काय वं? डोये फुटले काय तुहे?”

मी थांबले नाही. आणखी एक पाय दाबला.

“थांब, तुले दावतोच आता!” ती उठली, आणि मागं नाही, पुढं आली. ओलं फडकं हातात घेऊन, स्वतःच पुसलेली फरशी तुडवत, तरातरा माझ्याकडे. खांद्यावर सपकन फडकं बसलं. दुसऱ्यांदा तिनं हात उचलला तेव्हा मी तिचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी धरलं आणि खाली बसले. सोडता येईना.

“काय झालं? बोल ना. साप गीप चावला काय?”

मी बोट दाखवलं. तिनं वळून पाहिलं. मग रुमाल सोडला आणि नुसतं म्हणाली, “सकाळी तं होती फळी.”

आवाज ऐकून मुकादम वर आला. ठेकेदाराचा माणूस. भोक बघून आमच्यावरच ओरडला. “फळी कोनं नेली? तुमीच बायाईनं नेली असन, चुलीत घालाले!”

झालं. माझा आवाज परत आला. कठडा काऊन नाही लावला, पाटी काऊन नाही, जीव गेला असता तर कोण जबाबदार? सगळं खरं, सगळं तोंडपाठ. तो म्हणाला, “पन सकाळी फळी होती का नाई?” माय माझ्याकडे बघत होती. माझे हात बघत होती. बोटांना कोळसा लागला होता.

“जाय,” ती म्हणाली, “आन ते फळी.”

मी खाली गेले, फळी घेऊन आले. मुकादमानं ‘नळ द्या’ वाचलं आणि फिस्सकन हसला. “मॅडमले लिफ्टमंदी नळ पाह्यजे!”

“हासू नोको, भाऊ,” माय म्हणाली. आवाज चढवला नाही. “फळी माह्या पोरीनं काढली. खिये तुमी नाई ठोकले. तिचं काय कराचं थे मी घरी पाहीन. तुमी आता खिये ठोका.”

तो म्हणाला, सुतार उद्या येणार. मायनं बादली पालथी घातली आणि त्यावर बसली. “मंग फरशी बी उद्याच.” उद्घाटन दोन दिवसांवर होतं. कुठून तरी हातोडी आली, खिळे आले. सहा खिळे मारेपर्यंत ती बसून होती. ‘नळ द्या’ आतल्या बाजूला, अंधाराकडे गेलं.

घरी तिनं मला काहीच केलं नाही. त्यावरून एक शब्दही बोलली नाही, हे मी अजून सहन करते आहे. पुढं पत्रक लिहिलं तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. “चांगलं हाय,” म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “खिये आले त्याच्यात. फळी नाई आली.”

पण त्या दिवशी, खिळे ठोकून झाल्यावर, तिनं फडकं पिळलं आणि फरशीवर उमटलेले माझे पाय पुसायला ती पुन्हा बोळाच्या पहिल्या टोकाला गेली. मी म्हटलं, मी पुसते. म्हणाली, तुले जमत नाई. ती उकिडवी बसली आणि सरकायला लागली. या वेळी तोंड लिफ्टकडे करून, पुढं पुढं. पुसलेल्या जागेवर तिची स्वतःची पावलं उमटत होती. तिला ती दिसत नव्हती, किंवा आता खपत होती. मी फळीला पाठ लावून उभी राहिले, आणि ती माझ्या पायांपाशी येईपर्यंत हलले नाही.