मिसेस हानचं गाव

"मिसेस हानचं गाव कोणतं, ते तुम्हाला माहीत असेल ना?" मिस्टर बेकनी विचारलं. समोर बाई म्हणून ऑफिसचं दार त्यांनी तिथल्या रीतीप्रमाणे उघडंच ठेवलं होतं, पण आवाज खाली आणला होता. तिथेच मला शंका आली.

रेवा, निशांत, तुमचे आजोबा सौदीत नोकरीला होते तेव्हा मी एका कोरियन कंपनीच्या कंपाउंडमध्ये इंग्रजी शिकवत असे. कंपाउंड म्हणजे भिंतीच्या आतली कंपनीची वसाहत. कतीफ तिथून जवळच. माझ्या वर्गात इंजिनिअरांच्या बायका होत्या. मिस्टर बेक ॲडमिन मॅनेजर. प्रोजेक्ट संपत आला होता. कोणाला पुढच्या साइटवर पाठवायचं आणि कोणाला घरी, हे त्यांच्या शिफारशीवर ठरणार होतं. मिसेस हानच्या नवऱ्याचं नाव त्यातच अडकलं होतं.

"रेकॉर्डवर असेल की," मी म्हटलं.

"रेकॉर्डवर सोल आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी माहीत नाही म्हणून सांगितलं. पण मला आदल्या आठवड्यातला वर्ग आठवला. आपल्या देशातली एक गोष्ट टीचरला समजावून सांगा, असा मी अभ्यास दिला होता. त्या वर्षी त्यांच्याकडे निवडणूक होती. मिसेस हानने बोर्डावर दोन मोठी वर्तुळं काढली आणि भोवती काही लहान. मोठी वर्तुळं म्हणजे दोन मोठे पक्ष. ते फुटतात, जुळतात, नावं बदलतात. पण नाव कोणतंही असो, एकाचा गड देशाच्या आग्नेयेला, दुसऱ्याचा नैर्ऋत्येला. लहानांपैकी एक मधल्या पट्ट्यापुरता, एका पुढाऱ्याभोवती जमलेला. एक कामगारांचा. मतदाराला आता दोन मतं होती, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. त्यामुळे ज्यांचे उमेदवार सहसा पडतात अशा लहान पक्षांनाही थोड्या जागा मिळू शकत होत्या. तिने फार नीट समजावलं. मी शाबासकी दिली आणि सहज विचारलं, "यात तुझं गाव कुठे?"

बाकीच्या बायका वह्यांत बघू लागल्या. पेनाला टोपण लावत ती म्हणाली, "सोल."

आता बेकसाहेबही तेच विचारत होते. परदेशातल्या कोरियनांना तेव्हा मतदेखील देता येत नसे. मग बेकसाहेबांना गाव कशाला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी बायकांना बाजाराला कतीफला न्यायचं होतं. व्हॅनमध्ये मिसेस हान आणि मी पुढच्या बाकावर, ड्रायव्हर आपले रत्नागिरीचे इब्राहिमभाई. बेकसाहेबांनी काय विचारलं ते मी तिला हळूच सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग तिने जे विचारलं, त्याची मला अपेक्षा नव्हती.

"टीचर, वर्गात मला गाव विचारायला तुम्हाला त्यांनीच सांगितलं होतं ना?"

मी चकित झाले. आमच्याकडे हे सगळ्यांनाच विचारतात, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. मी इब्राहिमभाईंना साक्षीला घेतलं. ते म्हणाले, "बाई, मी तर विमानात बाजूला बसलेल्यालापण पहिलं तेच विचारतो. नाव मागाहून."

मी भाषांतर केलं तेव्हा ती जराशी हसली आणि मग मोकळी झाली. ती नैर्ऋत्येच्या एका बेटावरची. वडिलांनी तिच्या लहानपणीच घराण्याची नोंद सोलला हलवली होती, कारण तिकडचा माणूस म्हटलं की तो अमुक पक्षाचा असं लोक धरूनच चालतात आणि नोकरीतही ते आडवं येतं. साइटचे मोठे साहेब आग्नेयेचे. बेकसाहेब रोज त्यांच्याच टेबलावर जेवत.

मासळीबाजारात ती पाकटापाशी, त्या चपट्या बिनखवल्यांच्या माशापाशी, थांबली. तिथले बरेच लोक खवल्यांशिवायचा मासा खात नाहीत, त्यामुळे तो बाजूला पडलेला असतो. तिने एक मोठा घेतला. तिच्या गावाकडे हा मासा बरणीत आंबवतात आणि त्याचा वास नाकातून थेट डोक्यात जातो. आपल्या सुक्या मुशीचा वास त्यापुढे काहीच नाही. नैर्ऋत्येची माणसं त्यावर जीव टाकतात. तिच्या बाल्कनीत एक बरणी आधीच होती, हे मला तेव्हा कळलं. माझा संशय पक्का झाला. बेकसाहेबांना वास लागला होता.

त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ते राहू द्या. तुमचं गाव कोणतं?"

त्यांनी कॉरिडॉरकडे पाहिलं. मग नैर्ऋत्येच्या एका बंदराचं नाव घेतलं.

"आणि रेकॉर्डवर?"

"सोल," ते म्हणाले. "मॅडम, तो मासा खाऊन मला खूप वर्षं झाली."

मला हे पटलं नाही. बोलतं करण्यासाठी माणूस काहीही सांगतो. मिसेस हानला सांगितलं, तर तिला मुळीच पटलं नाही. तिने एक डबा भरला, त्यावर नाव घातलं नाही आणि इब्राहिमभाईंच्या हातून बेकसाहेबांकडे पाठवला. लहानपणापासून खाल्लेला नसेल तर हा मासा तोंडात ठेवता येत नाही, म्हणाली.

इब्राहिमभाई परत आले ते मान हलवतच. "बाई, साहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आता ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. मग डबा पुसून पुसून खाल्ला आणि विचारतो, अजून आहे का?"

बेकसाहेबांच्या शिफारशी वर गेल्या. मिस्टर हानला पुढची साइट मिळाली. मिसेस हान निरोप घ्यायला आली तेव्हा माझ्यासाठी एक पंखा घेऊन आली होती, पण खूश दिसत नव्हती.

"टीचर, हे कामावर मिळालं की गावावर?"

"नवरा काय म्हणतो?"

"कामावर म्हणतो. पण तो डब्याबद्दल काही जाणत नाही."

बेकसाहेबांना विचारता आलं असतं, पण त्यांचं उत्तर आम्हा दोघींनाही खरं वाटलं नसतं.

गाव विचारायची सवय मी सोडलेली नाही. फक्त आता आधी माझं सांगते, आणि समोरचा गप्प राहिला तर हवापाण्यावर बोलते.